नाकावरच्या सहा वाट्या

माझी आई सोमवार धरायची. दिवसभर उपास, आणि गिरणी सुटली की तशीच चालत तलावातल्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला. वडील मी लहान असतानाच गेले होते, म्हणून मी शाळेला करमाळ्यात मामाकडे होते. सुट्टीत सोलापूरला आले की सोमवारी आईबरोबर जायची. ती एवढी झपाझप चालायची की मला मागून पळावं लागे, आणि ती वळून म्हणायची, "चल की गं. देव काय तुझ्यासाठी दार उघडं ठेवून बसणार हाय का?"

पुढं कॉलेजसाठी मी सोलापुरात राहायला आले, तोवर ते चालणं संपलं होतं. सोमवारी दुपारनंतर तिची छाती आवळून यायची. गिरणीच्या फाटकापासून तलावापर्यंत ती तीनदा थांबायची आणि शेवटी तलावाच्या कट्ट्यावर बसून बेल-फूल माझ्याच हातात द्यायची. "माझा नमस्कार सांग," म्हणायची. मी देवळातून परत येईपर्यंत ती तिथंच गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर उचलून श्वास घेत असायची. मंगळवारी थोडं बरं वाटायचं, गुरुवारपर्यंत सगळं ठीक. पुन्हा सोमवार आला की तेच.

आमच्या आळीत ह्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. उपास. रिकाम्या पोटी दिवसभर राबायचं म्हटल्यावर धाप लागणारच. शेजारच्या खोलीतल्या मावशी आईबरोबरच गिरणीत होत्या. त्या सांगून थकल्या, "अक्का, शाबूदाणा तरी खा. देव काय उपाशी मर म्हणतोय का?" आईचं म्हणणं उलटं होतं. तिला वाटायचं देव परीक्षा बघतोय, आणि परीक्षेतून उठून जायचं नसतं. हे मला सांगताना तिचा रोख माझ्या अभ्यासाकडेही असे.

मी बी.एस्सी. झाले त्या उन्हाळ्यात हे असं चाललं होतं. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी आईच्या खात्यातल्या बायकांनी गिरणीच्या फाटकावर मला ओवाळलं होतं. मी त्या सगळ्यांची लेक होते. माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्यातल्या कुणी ना कुणी घरी भाकरी पाठवली होती, आणि कुणीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आईचं खातं म्हणजे वेस्ट खातं. यंत्रांखाली पडलेला, झाडून गोळा केलेला कापूस तिथं येई. त्यातला पुन्हा कामाला लागणारा वेगळा, गादीवाल्यांना जाणारा वेगळा, अगदीच टाकाऊ वेगळा, असं वीस बायका जमिनीवर बसून निवडत. हात घातला की धुरळा उठायचा. संध्याकाळी आई घरी येई तेव्हा तिच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या असत. तोंडाला पदर बांधायचा एवढाच उपाय त्या बायकांना माहीत होता, आणि बोलताना तोही खाली सरके.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस पुण्याहून एक डॉक्टरबाई आल्या. गिरणीतल्या कामगारांच्या छातीचा त्या अभ्यास करत होत्या. आकडे टिपायला आणि त्यांचं बोलणं बायकांना समजावून सांगायला त्यांना कुणी तरी हवं होतं. माझ्या कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं. अशा रीतीनं माझं पहिलं काम माझ्या आईच्याच खात्यात मिळालं.

डॉक्टरबाईंकडे एक यंत्र होतं. घड्याळासारखी गोल तबकडी, वर काटा, आणि बाजूला पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एकदम जोरात फुंकायचं. काटा जिथं थांबेल तो त्या माणसाचा आकडा. सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एकदा फुंकलं, आणि संध्याकाळी सुटताना पुन्हा. सकाळी बायकांना गंमत वाटली. मावशी म्हणाल्या, "चूल फुंकून जन्म गेला, ह्याला काय घाबरायचं?" आणि काटा कुठल्या कुठं नेला. आईचा काटा सकाळी तीनशे वीसवर थांबला.

संध्याकाळी हसण्याचा आवाज नव्हता. आईनं तीनदा फुंकलं आणि तीनही वेळा काटा दोनशे साठच्या आसपास राहिला. मी आकडा लिहिला.

डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून घेतलं. "हे फक्त सोमवारीच होतं ना?"

"व्हय. उपास असतो माझा."

"उपासाचा काही संबंध नाही. रविवारी तुम्ही सुट्टीवर असता, छाती मोकळी होते. सोमवारी त्या मोकळ्या छातीत धूळ जाते आणि ती आवळते. आज इथं ज्यांचा काटा खाली आला त्या सगळ्या काही उपास करत नाहीत."

आईनं तबकडीवरच्या काट्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी देवाचा काय दोष न्हाय."

"नाही."

"मी बी ह्या सगळ्यास्नी तेच सांगत हुते."

मग डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मला सगळ्या बायकांना समजावून सांगायचं होतं, म्हणून ते शब्दन् शब्द लक्षात आहे. आज हे सोमवारपुरतं आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. असंच चाललं तर पुढं मंगळवारीही होईल, मग रोज होईल, आणि मग काम सोडून घरी बसलं तरी जाणार नाही.

गिरणीच्या साहेबांना त्यांनी गाठलं. साहेबांनी कुठून तरी एक खोकं मागवून घेतलं होतं. त्यात पांढरे, वाटीसारखे फुगीर मास्क होते. मागं इलॅस्टिक, नाकावर दाबायला पत्र्याची बारीक पट्टी. एकदा वापरायचे आणि टाकून द्यायचे, असे. वीस बायकांना प्रत्येकी सहा आले.

"पाच आठवडे वापरू दे," साहेब म्हणाले. "मग पुन्हा तुमचं ते यंत्र लावा. काटा टिकला तर मी सगळ्या खात्याला कायमचे देतो. नाही टिकला तर हा विषय बंद. पण बाई, मी आत्ताच सांगतो, ह्या बायका ह्यातून चहा गाळतील."

खोक्यात इंग्रजीत छापलेला एक कागद होता. तो मी वाचला, आणि बायकांसमोर उभी राहून माझं पहिलं भाषण केलं. "हे खरं तर एकदा वापरून टाकायचे असतात. पण आपल्याकडं सहाच आहेत. तेव्हा जपून वापरा, स्वच्छ ठेवा." मी छान बोलले असं मला वाटलं. बायकांनी माना डोलावल्या. मास्क हा शब्द त्यांना रुचला नाही. त्यांनी त्याला वाटी म्हणायला सुरुवात केली.

पुढच्या सोमवारी मी खात्यात गेले आणि बघत राहिले. वीसच्या वीस बायकांच्या तोंडावर कडकडीत, पांढऱ्याशुभ्र वाट्या. इतक्या ताठ की बोटानं टिचकी मारली तर आवाज यावा. खात्यात एक आपा होत्या. त्या मला बघून म्हणाल्या, "क्या बेटी, हमारा काम साफ है ना? अब इस्त्री भी करना क्या?"

झालं होतं असं. मावशींचं सासर विणकरांचं. त्यांच्या दारात रोज सकाळी सूत ताणून त्याला खळ लावायचं काम चाले. पहिल्या दिवशी वाटी मळली, तेव्हा मावशींनी ती साबणानं खसखसून धुतली, आणि धुतलेलं कापड मऊ पडतं म्हणून सुताच्या खळीत बुडवून वाळवली. आईची वाटीही त्याच भांड्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी त्या दोन वाट्यांचा कडकपणा बघून बाकीच्यांनी मावशींकडून खळ नेली. सोलापुरात कापड स्वच्छ ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं होतं. आठवडाभर तीच वाटी रोज धुऊन, रोज खळ लावून वापरली होती.

संध्याकाळी सगळ्यांनी पुन्हा नळीत फुंकलं. मागच्या सोमवारपेक्षा एकही आकडा वर नव्हता. आईचा तर थोडा खालीच होता.

डॉक्टरबाईंनी एक वाटी खिडकीशी धरली. "ह्यातून हवा जाणारच नाही. मग ती कडेनं आत जाते, आणि धूळही तिच्याबरोबर. हे कुणी सांगितलं ह्यांना?"

"मीच," मी म्हटलं. "स्वच्छ ठेवा म्हणाले."

त्या रागावल्या नाहीत. "मग आता नीट सांग. पण सांगायच्या आधी स्वतः नीट समजून घे."

दारात उभ्या असलेल्या साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "चहा गाळला का?"

मी घरी आले ती रडवेली होऊनच. आईची धाप, वीस बायकांच्या छात्या, सगळ्या खात्याला मिळू शकणारी वस्तू, आणि मध्ये माझी पदवी. प्रत्येकीची एक वाटी वाया गेली होती, पाच उरल्या होत्या, चार आठवडे उरले होते. आई दारातल्या ओट्यावर बसून श्वास जमवत होती. ती म्हणाली, "रडून काय हुतंय? हिकडं आण ती वाटी. मावशीला बोलव."

मावशींनी बिघडलेली वाटी हातात घेतली, पाण्यात भिजवली आणि कडेनं नखानं उसवायला लागल्या. एक पदर सुटला, मग दुसरा. आतला थर त्यांनी उजेडाकडे धरला आणि बोटांनी ताणून बघितला. त्यांचा चेहरा बदलला.

"अक्का, हे कापडच न्हाय की. ह्यात उभा धागा न्हाय, आडवा धागा न्हाय."

आईनं तो थर घेतला. ती आयुष्यभर कापूस निवडत आलेली. तिनं चिमटीत धरून अलगद ओढला, तंतू विरळ झाले. "हा तर पिंजल्यावानी दिसतोय. पिंजून नुसता दाबलाय."

"मग पिंजलेला कापूस कोण धुतं का?" मावशी म्हणाल्या. "गादीतला कापूस धुतला तर त्याचा गोळाच हुणार. आमी येड्यावानी खळ लावत बसलो."

डॉक्टरबाईंनी मला जे इंग्रजी शब्दांत समजावलं होतं, ते ह्या दोघींनी नखानं उसवून बघितलं होतं. बारीक तंतूंचं दाट जाळं असतं, धूळ त्यात अडकते, आणि धुतलं की जाळं मोडतं. मला आता काय सांगायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मावशींनाच पुढं केलं. त्यांनी उसवलेली वाटी हातोहात फिरवली. वीस बायकांनी ती चिमटीत धरून बघितली आणि धुण्याचा प्रश्न तिथंच मिटला. त्याआधीच्या माझ्या भाषणाला नुसत्या माना डोलल्या होत्या. ह्या वेळी प्रश्न आले.

"मग मळली तर?"

मी डॉक्टरबाईंना विचारून आलेलं सांगितलं. बाहेरून मळली तर मळू दे, ती धूळ अडवते म्हणूनच मळते. झटकायची नाही, आपटायची नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, धरायची ती इलॅस्टिकला. काम झालं की उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर वाळू द्यायची. एकीची दुसरीनं घालायची नाही, बहीण असली तरी.

"आन टाकायची कवा?"

आतून ओली राहिली, चुरगळली, फाटली, इलॅस्टिक सैल पडलं, किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं, तर लगेच. सहा दिवस झाले का पंधरा, ते मोजायचं नाही.

घालायचंही एक तंत्र होतं. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबायची, मग वाटीवर ओंजळ धरून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांना वारा लागला तर नीट बसली नाही. मावशींना सतत वारा लागे. त्यांच्या नाकातल्या मोठ्या फुलीमुळं पट्टी उचलली जात होती. दोन दिवस त्या ऐकेनात. मग एका सकाळी बारीक चमकी घालून आल्या आणि मला म्हणाल्या, "नवरा विचारतोय, फुली कुटं इकलीस."

आईची अडचण वेगळी होती. तिला कामात तंबाखूची चिमूट लागे. थुंकायला वाटी वर करायची, तंबाखूच्या हातानं पुन्हा खाली ओढायची, की आतली बाजू खराब. उपासालाही न सुटलेली तंबाखू तिनं गिरणीपुरती सोडली. मला त्याचं फार कौतुक वाटलं. ते बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू गप. सुटल्यावर खातीच की मी."

वाट्या ठेवायच्या कशात, हे मी ठरवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम कोंडतो, फडक्यात चुरगळते. कागदी पाकीट बरं. माझ्या कॉलेजच्या प्रयोगवह्या ट्रंकेत होत्या. जाड कागद, शेवटी आलेखाची पानं. मी त्यांची पाकिटं केली, प्रत्येक बाईला पाच. निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटावर प्रत्येकीची खूण काढली. आईचं बेलाचं पान, मावशींचा मागावरचा धोटा, आपांची चंद्रकोर. एकीनं वांगं काढून मागितलं. खुणेच्या खाली वाराच्या एक ते पाच रेघा. सोमवारी एका रेघेचं पाकीट, मंगळवारी दोनचं, असं शुक्रवारी पाचचं, आणि शनिवारी पुन्हा दोनचं. म्हणजे एकदा वापरलेली वाटी दोन दिवस तरी आराम करे. आमच्या भिंतीवर पाच खिळे ठोकले होते. आई कामावरून आली की आधी वाटी खिळ्याला टांगी, मग हातपाय धुई.

तिसऱ्या आठवड्यात तिची दोन रेघांची वाटी श्वासाला जड लागायला लागली. टाकायची वेळ आली. आईनं आयुष्यात चांगली दिसणारी वस्तू टाकली नव्हती. ती वाटी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिनं इलॅस्टिक काढून घेतलं आणि वाटी टाकली. इलॅस्टिक माझ्या वेणीला आलं.

शेवटच्या सोमवारी साहेब सकाळपासून खात्यात होते. आईनं नेहमीसारखा उपास धरला होता. सकाळी तिचा काटा तीनशे तीसवर गेला. दिवसभर मी खात्याच्या दारात बसून होते. धुरळा तसाच उठत होता, वीस वाट्या त्यात खालीवर हलत होत्या. दुपारनंतर आईचे खांदे उचलले जातात का, हे बघण्यासाठी मी शंभर वेळा तिच्याकडं पाहिलं असेल. तिनं एकदा हातानंच खुणावलं, काम कर तुझं.

संध्याकाळी ओळ लागली. मावशींचा काटा सकाळच्या जागी आला. आपांचाही. दोघी बायकांचा मात्र खालीच राहिला. त्यांची छाती आधीच जास्त बिघडली होती, आणि डॉक्टरबाईंनी साहेबांना तिथल्या तिथं सांगितलं की ह्या दोघींना ह्या खात्यातून हलवायला हवं. साहेबांनी मान हलवली, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांना गिरणीच्या आवारातलं काम मिळालं.

आईची पाळी शेवटी आली. तिनं वाटी इलॅस्टिकला धरून काढली, पाकिटात ठेवली, पदरानं ओठ पुसले. छाती भरून घेतली. त्या श्वासाला खरखर नव्हती, ते मला काट्याआधी ऐकू आलं. मग तिनं फुंकलं.

काटा तीनशे वीसवर थांबला.

"पुन्हा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तीनशे पंचवीस.

मी आकडा लिहिला आणि मला पुढचं दिसेना. डॉक्टरबाईंनी कागद माझ्या हातून घेऊन साहेबांपुढं धरला. साहेबांनी सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा, एकेक करून. मग म्हणाले, "ठीक आहे. सगळ्या खात्याला देतो. दर महिन्याला."

मावशींनी आपलं पाकीट वर धरलं. मग मावशी म्हणाल्या, "साहेब, चहा गाळून बघितला आमी. न्हाय गळत."

त्यावर खातं जे हसलं, तसं हसणं मी नंतर कुठंच ऐकलं नाही. साहेबही हसले.

भोंगा झाला. आईनं बेल-फुलांची पुडी उचलली आणि निघाली. फाटकातून बाहेर पडलो, पहिला कोपरा गेला, दुसरा गेला. ती थांबेल म्हणून मी सवयीनं हळू चालत होते आणि ती पुढं गेली होती. तलावाचा कट्टा आला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाण्यातल्या वाटेनं सरळ देवळाकडं चालली. मी पळतच तिला गाठलं तेव्हा धाप मला लागली होती.

"चल की गं," ती म्हणाली. "पदवी घेतलीस आन पाय विसरलीस व्हय?"

दर्शन घेऊन ती बराच वेळ हात जोडून उभी होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस.

"मागायचं काय? ह्येच सांगितलं की त्याचा दोष नव्हता." मग दोन पावलं चालून म्हणाली, "आता सगळ्या खात्याला कायमच्या मिळणार, म्हंजी पाकिटं लई लागतील. तुझ्या वह्या पुरतील का?"

ट्रंकेत अजून दोन वह्या होत्या. त्यातल्या एकीवर सरांनी लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं होतं, आणि ती मी जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचीही पाकिटं केली. उत्तमचं पान आईच्या वाटणीला आलं. त्यावर मी बेलाचं पान काढलं आणि खाली एक रेघ ओढली, सोमवारची.